मीठ, पाणी आणि विरंजक चूर्ण : विद्युतऋणतेवरून रासायनिक बंधांची ओळख

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींत आणि टाक्यांत टीसीएल पावडर टाकण्याच्या कामाला विशेष महत्त्व येते. पांढऱ्या रंगाच्या आणि उग्र वासाच्या या चुकटीस शास्त्रीय भाषेत विरंजक चूर्ण म्हणतात. रोगजंतूंचा नाश करण्याचा तिचा गुण तिच्यातील क्लोरीनमुळे येतो, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि जलसुरक्षकांना माहीत असते. मात्र क्लोरीन घरोघरच्या मिठातही असतो. वजनाच्या दृष्टीने पाहिल्यास मिठात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचाच असतो. असे असूनही पिण्याच्या पाण्यात मीठ टाकल्याने ते निर्जंतुक होत नाही. ते केवळ खारट होते. मूलद्रव्य एकच असताना दोन पदार्थांच्या वागणुकीत एवढे अंतर का पडावे?

या प्रश्नाचे उत्तर क्लोरीनच्या अणूने शेजारच्या अणूशी कोणत्या प्रकारचा बंध जोडला आहे, यात सापडते. रासायनिक बंधांचे प्रकार ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ ज्या मापाचा आधार घेतात त्यास ‘विद्युतऋणता’ असे म्हणतात. माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील विद्यार्थी हा शब्द पाठ करतात, सारणीतील आकडे वजा करतात आणि उत्तर लिहून मोकळे होतात. या आकड्यांचा अर्थ काय आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेतले तर हाच धडा गावच्या पाण्याच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचतो.

अणूंमधील ओढाताण

प्रत्येक अणूच्या मध्यभागी धन विद्युतभार असलेले अणुकेंद्रक असते आणि त्याच्याभोवती ऋण विद्युतभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. दोन अणू एकमेकांशी जोडले जातात तेव्हा बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची देवघेव किंवा भागीदारी होते. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवल्याने बंध निर्माण होतो, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. सामाईक विहिरीवर दोन शेतकऱ्यांचा हक्क असला तरी दोघांचा उपसा सारखा असतोच असे नाही. त्याचप्रमाणे सामाईक इलेक्ट्रॉनांवरील दोन अणूंचा ताबाही नेहमी सारखा नसतो.

बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेण्याची अणूची जी क्षमता, तीच त्याची विद्युतऋणता होय. अणुकेंद्रकातील धनभार जितका अधिक आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन त्याच्या जितके जवळ, तितकी ही ओढ प्रबळ असते. म्हणूनच आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना विद्युतऋणता सामान्यतः वाढत जाते आणि एकाच गणात वरून खाली येताना कमी होत जाते. सारणीच्या उजव्या बाजूस वर बसलेला फ्लोरीन या ओढीत सर्वांत पुढे आहे. डाव्या बाजूस तळाशी असलेले सिझियमसारखे धातू सर्वांत मागे आहेत.

आकडा कसा आला?

विद्युतऋणता हा शब्द जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तो वापरात आणला. त्या काळी इलेक्ट्रॉनाचा शोध लागलेला नव्हता, त्यामुळे या कल्पनेस निश्चित संख्यारूप नव्हते. ते रूप १९३२ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दिले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे पॉलिंग त्या वेळी अवघ्या एकतीस वर्षांचे होते. रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील संशोधनासाठी त्यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे, आणि पुढे अण्वस्त्रचाचण्यांविरुद्धच्या कार्यासाठी १९६२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिंग यांनी अणूची ओढ प्रत्यक्ष मोजली नाही. बंध तोडण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेवरून त्यांनी ती ताडली. हायड्रोजनच्या दोन अणूंमधील बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनच्या दोन अणूंमधील बंधास सुमारे २४२ किलोज्यूल लागते. हायड्रोजन आणि क्लोरीन यांनी इलेक्ट्रॉनांची अगदी समान भागीदारी केली असती, तर त्यांच्यातील बंधाची ऊर्जा या दोहोंच्या सरासरीइतकी, म्हणजे ३३९ किलोज्यूलच्या आसपास असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती ४३१ किलोज्यूल भरते.

ही ९२ किलोज्यूलची अधिक बळकटी कोठून आली? पॉलिंग यांचे उत्तर असे की, क्लोरीन सामाईक जोडी आपल्याकडे अधिक ओढतो; त्यामुळे त्याच्या बाजूस थोडा ऋणभार आणि हायड्रोजनच्या बाजूस थोडा धनभार येतो. या विरुद्ध भारांच्या आकर्षणाने बंध अधिक घट्ट होतो. या वाढीव ऊर्जेस ९६.५ ने भागून वर्गमूळ काढले म्हणजे दोन अणूंच्या विद्युतऋणतेतील फरक मिळतो. येथे तो सुमारे ०.९८ येतो. आजच्या सारणीप्रमाणे क्लोरीनची विद्युतऋणता ३.१६ आणि हायड्रोजनची २.२० असून त्यांतील फरक ०.९६ आहे. सारणीतील आकडे अनेक संयुगांचा एकत्र विचार करून ठरविलेले असल्याने एवढी तफावत स्वाभाविकच होय.

पुढे १९३४ मध्ये रॉबर्ट मलिकन यांनी आणि १९५८ मध्ये ऑलरेड व रोचो यांनी वेगळ्या पद्धतींनी विद्युतऋणतेची मापे काढली. ऑलरेड यांनी १९६१ मध्ये पॉलिंग यांच्या आकड्यांची फेरतपासणी केली. जुन्या पुस्तकांत हायड्रोजनसाठी २.१ आणि नव्या पुस्तकांत २.२० असा जो भेद दिसतो, त्याचे कारण हेच आहे. एकाच उदाहरणासाठी मात्र दोन सारण्यांतील आकडे एकत्र करू नयेत.

वजाबाकीवरून वर्गवारी

पॉलिंग यांच्या मापानुसार नित्य परिचयाच्या काही मूलद्रव्यांची विद्युतऋणता अशी आहे : फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सिलिकॉन १.९०, ॲल्युमिनियम १.६१, कॅल्शियम १.००, सोडियम ०.९३ आणि पोटॅशियम ०.८२.

बंधातील दोन अणूंच्या आकड्यांची वजाबाकी केली की बंधाच्या प्रकाराचा अंदाज बांधता येतो. फरक सुमारे ०.४ पेक्षा कमी असल्यास भागीदारी जवळजवळ समान असते. त्यास अध्रुवीय सहसंयुज बंध म्हणतात. मेण, रॉकेल आणि खाद्यतेल यांच्या रेणूंत मोठ्या संख्येने असणारा कार्बन–हायड्रोजन बंध याच वर्गातील असून त्याचा फरक ०.३५ आहे. फरक ०.४ ते १.७ च्या दरम्यान असल्यास भागीदारी असमान होते आणि बंधाच्या दोन टोकांस अंशतः विरुद्ध विद्युतभार येतात. हा ध्रुवीय सहसंयुज बंध होय. पाण्यातील ऑक्सिजन–हायड्रोजन बंध त्याचे ठळक उदाहरण असून तेथील फरक १.२४ आहे. फरक १.७ हून अधिक झाल्यास इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे एका अणूकडे जातो आणि विरुद्ध भारांच्या आयनांमध्ये आयनिक बंध तयार होतो. सोडियम आणि क्लोरीन यांतील फरक २.२३ आहे, आणि मीठ हे आयनिक संयुगाचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

१.७ हीच मर्यादा का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पॉलिंग यांनी दिलेल्या सूत्रानुसार १.७ इतका फरक असताना बंधाचे आयनिक स्वरूप सुमारे निम्मे, म्हणजे ५१ टक्के असते. मर्यादेचा आधार एवढाच आहे. याच सूत्राने मिठातील बंध सुमारे ७१ टक्के आयनिक ठरतो, तर पाण्यातील बंध ३२ टक्के. सिझियम फ्लोराइडमध्ये फरक ३.१९ इतका मोठा असूनही हे प्रमाण शंभर टक्के होत नाही. ते ९२ टक्क्यांच्या आसपास थांबते. दिवस आणि रात्र यांच्या मध्ये संध्याकाळ असते, तसेच येथेही आहे. काही पुस्तकांत ०.४ ऐवजी ०.५ आणि १.७ ऐवजी २.० अशा मर्यादा दिलेल्या आढळतात. त्यामुळे एखादे पुस्तक चुकीचे ठरत नाही; रेषा सोयीसाठी आखली आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आकडा जेथे अपुरा पडतो

या रेषेवर आंधळेपणाने विसंबल्यास काय होते, हे पाहण्यासारखे आहे. बोरॉन आणि फ्लोरीन यांतील फरक १.९४ आहे. नियमानुसार बोरॉन ट्रायफ्लोराइड आयनिक, म्हणजे मिठासारखे कठीण स्फटिकरूप असावयास हवे. वस्तुतः तो वायू आहे आणि शून्याखाली सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावरच त्याचा द्रव होतो. सिलिकॉन टेट्राफ्लोराइडमध्ये तर फरक २.०८ आहे आणि तोही वायूच. हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८ असूनही ते सहसंयुज संयुगांतच मोडते. उलट बाजूस कॅल्शियम सल्फाइडमधील फरक अवघा १.५८ आहे, परंतु ते २००० अंशांहून अधिक तापमानापर्यंत न वितळणारे आयनिक घन आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सोडियमच्या दोन अणूंमधील फरक शून्य आणि क्लोरीनच्या दोन अणूंमधील फरकही शून्य. म्हणून दोन्हींचे बंध सारखे मानावेत काय? सोडियम हा चकाकणारा, वीजवाहक धातू आहे. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू आहे. क्लोरीनचे दोन्ही अणू प्रबळ ओढ असलेले आहेत, म्हणून सामाईक जोडी त्यांच्यामध्ये घट्ट धरलेली असते. सोडियमच्या अणूंची ओढ दुबळी आहे, म्हणून त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन साऱ्या स्फटिकात मोकळेपणाने फिरतात. यास धातुबंध म्हणतात. पितळेच्या भांड्यातील तांबे (१.९०) आणि जस्त (१.६५) यांचेही तसेच आहे. फरक लहान, ओढही बेताची. म्हणून पितळ धातूसारखे वागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ फरक पाहून भागत नाही. दोन अणूंच्या विद्युतऋणतेची सरासरीही पाहावी लागते. नेदरलँड्समधील व्हॅन आर्केल यांनी १९४१ मध्ये आणि केटेलार यांनी १९४७ मध्ये हा विचार त्रिकोणाच्या आकृतीत मांडला. त्रिकोणाच्या पायावर डाव्या कोपऱ्यात धातुबंध, उजव्या कोपऱ्यात सहसंयुज बंध आणि शिखरावर आयनिक बंध. पायावरून उजवीकडे जाताना सरासरी वाढते, वर चढताना फरक वाढतो. सर्व द्विमूल संयुगे या त्रिकोणात कोठे ना कोठे बसतात आणि बरीचशी कोपऱ्यांपासून दूर, मधल्या भागात बसतात. फळ्यावर हा त्रिकोण काढण्यास पाच मिनिटे लागतात. परंतु नियमाची मर्यादा विद्यार्थ्यांच्या मनावर त्यामुळे कायमची ठसते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. बंध ध्रुवीय असला म्हणजे संपूर्ण रेणू ध्रुवीय असतोच असे नाही. कार्बन डायऑक्साइडमधील दोन्ही बंध ध्रुवीय आहेत. पण ते एका सरळ रेषेत विरुद्ध दिशांना असल्याने त्यांची ओढ परस्परांस निष्प्रभ करते. पाण्याचा रेणू मात्र सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला आहे. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूस ऋणभार आणि हायड्रोजनच्या बाजूस धनभार कायम राहतो. पाण्याचे सारे सामर्थ्य, आणि पाण्यापासून उद्भवणारे काही प्रश्नही, या वाकलेल्या आकारात दडलेले आहेत.

गावचे पाणी आणि बंधांचे ज्ञान

मिठाचा खडा पाण्यात पडला की पाण्याचे ध्रुवीय रेणू सोडियम आणि क्लोराइड आयनांना वेढतात आणि एकेक करून बाहेर काढतात. खते, क्षार, नायट्रेट आणि खडकांतील फ्लोराइड पाण्यात उतरतात तेही याच आकर्षणाने. मात्र आयनिक म्हणजे विद्राव्य असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. कॅल्शियम फ्लोराइडमधील फरक २.९८ इतका असून त्यातील आयन एकमेकांस एवढे घट्ट धरतात की ते पाण्यात फारच थोडे विरघळते. तरीही भूजल वर्षानुवर्षे खडकांच्या सहवासात राहिले तर हे ‘फारच थोडे’ देखील आरोग्यास घातक ठरू शकते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मिठातील क्लोरीनने सोडियमचा इलेक्ट्रॉन घेऊन आपली गरज पूर्ण केलेली असते. असा क्लोराइड आयन तृप्त आणि शांत असतो. विरंजक चूर्णातील क्रियाशील घटक कॅल्शियम हायपोक्लोराइट हा आहे. त्यात दोन प्रकारचे बंध एकत्र नांदतात. कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांतील फरक २.४४, म्हणजे आयनिक. ऑक्सिजन आणि क्लोरीन यांतील फरक ०.२८, म्हणजे सहसंयुज. या दुसऱ्या बंधात क्लोरीनची गाठ त्याच्याहून प्रबळ ओढ असलेल्या ऑक्सिजनशी पडली आहे. स्वतः इलेक्ट्रॉन ओढणारा क्लोरीन येथे काहीसा उणा पडतो आणि हा बंधही तुलनेने दुर्बल असतो. पाण्यात त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याचा रेणू विद्युतभाररहित असल्याने रोगजंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. तेथे क्लोरीन जंतूच्या घटकांचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतो, जंतू मरतात आणि क्लोरीनचे रूपांतर अखेर मिठातल्यासारख्याच शांत क्लोराइडमध्ये होते. अतृप्त क्लोरीन काम करतो, तृप्त क्लोरीन करीत नाही.

यातून दैनंदिन कामासाठी काही गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. दमट हवा आणि ऊन यांमुळे टीसीएलमधील उपयुक्त क्लोरीन कमी होत जातो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवावी. पोते भरलेले दिसते म्हणजे त्यातील गुण शाबूत आहे, असे मानू नये. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा, कारण जंतूंशी क्रिया होण्यास वेळ लागतो. गढूळ पाण्यातील सेंद्रिय पदार्थही इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन संपवितात, म्हणून पावसाळ्यात मात्रा अधिक लागते. शेवटी नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ओ. टी. चाचणीने पाहावे लागते. भारतीय मानकानुसार ही शिल्लक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावी.

फ्लोराइडच्या बाबतीत मात्र टीसीएल निरुपयोगी आहे, आणि हे ध्यानात ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक प्रमाणात आढळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; पर्यायी स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. दीर्घकाळ याहून अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे यांत विकृती येते. सर्वांत प्रबळ ओढ असलेल्या फ्लोरीनने आपला इलेक्ट्रॉन आधीच मिळविलेला असतो, आणि तो क्लोरीनच्या ओढीने सुटणारा नाही. पाणी उकळूनही उपयोग होत नाही. वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहून उलट अधिक दाट होते.

मग उपाय काय? ज्याच्याशी फ्लोराइड घट्ट बांधले जाईल असा जोडीदार पुरविणे, हा एक मार्ग आहे. ॲल्युमिनियम आणि फ्लोरीन यांतील फरक २.३७ असून त्यांचे परस्परांशी सख्य मोठे आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत तुरटी आणि चुना यांचा उपयोग करतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा साका फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागते, म्हणून हे काम तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच व्हावयास हवे. निर्जंतुक पाणी आणि फ्लोराइडमुक्त पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे जरी ग्रामसभेत सर्वांना समजले, तरी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविण्याची आवश्यकता वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

वर्गातील पडताळा

शिक्षकांना हा विषय अल्प साधनांत शिकविता येतो. मीठ, साखर आणि मेण हे तीन पदार्थ घ्यावेत. मेण किंचित उष्णतेने वितळते. साखर वितळून तपकिरी होते. मीठ मात्र चुलीवरील पळीत तसेच राहते, कारण त्याचा वितळणबिंदू ८०१ अंश सेल्सिअस आहे. नंतर मीठ आणि साखर यांची वेगवेगळी द्रावणे करावीत. दोन कोरडे विद्युतघट, एक लहान एलईडी दिवा आणि पेन्सिलीतील शिशाचे दोन तुकडे यांच्या साहाय्याने द्रावणातून वीज वाहते का, ते पाहावे. मिठाच्या द्रावणात दिवा लागतो. साखरेच्या द्रावणात लागत नाही. साखरेतील ध्रुवीय बंधांमुळे ती विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत. घरातील विजेच्या जोडणीचा उपयोग या प्रयोगासाठी कदापि करू नये.

विद्यार्थ्यांनी प्रथम विद्युतऋणतेच्या फरकावरून अंदाज लिहावा, नंतर प्रयोग करावा आणि दोहोंची तुलना करावी. अंदाज आणि अनुभव जुळले तर उत्तमच. न जुळल्यास नियम कोठे अपुरा पडला, याचा शोध घ्यावा. उत्तरपत्रिकेत १.७ हा आकडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळतात. परंतु बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू का, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र कळू लागलेले असते.

विद्युतऋणतेचा आकडा बंधाचा कल सांगतो. अंतिम निर्णय पदार्थाच्या गुणधर्मांनी, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीने करावयाचा असतो. वर्गातील फळ्यावर जो न्याय, तोच गावच्या विहिरीवर. पाणी स्वच्छ दिसते, टीसीएल वेळेवर टाकली जाते, नोंदवहीत सह्या आहेत, यांवरून एक अंदाज बांधता येतो. ते पाणी पिण्यास सुरक्षित आहे की नाही, हे नमुना तपासल्यावरच ठरते.